बाबांच्या नावाखाली

प्रिय ठमे,

तू रजा रद्द केलीस. परवा बाबांच्या ब्लॉगवर, नव्या लेखाखाली, तुझी कमेंट वाचली: "बाबा, डोक्यावरचं ओझं उतरवलंत. तुम्हीच म्हणताय तर पुढच्या महिन्यातली रजा रद्द करते, पुढच्या वर्षी सावकाश येईन." शेवटी एक हसरा चेहरा. तेव्हापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय, म्हणून हे पत्र. फोन केला असता. पण फोनवर तू "आई, पटकन सांग, मीटिंग आहे" म्हणतेस, आणि मग मीही पटकन सांगता येईल असंच काहीतरी सांगते. शिवाय बाबा शेजारी असतात आणि त्यांचे कान अजून ठणठणीत आहेत. तेव्हा कागद. शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन लावू नकोस.

त्यांना नव्या वस्तूचं वेड किती, ते तुला सांगायला नको. गल्लीतला पहिला कॉम्प्युटर आपल्याकडे आला आणि माझं शिलाई मशीन जिन्याखाली गेलं. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाले त्याच महिन्यात ब्लॉग सुरू केला. आठवड्याला दोन लेख, अकरा वर्षं. फोनची बॅटरी, बातम्यांच्या चॅनेलवरचा आरडाओरडा, भर दुपारी जळणारे रस्त्यावरचे दिवे, नगरपालिकेची न उघडणारी वेबसाइट, कशावरही. प्रत्येक लेखात "मुद्दा साधा आहे" हे वाक्य, आणि मुद्दा कधीच साधा नाही. मी म्हणायचे, एवढं बोलायचंय तर भिंतीशी बोला, ती उलट उत्तर तरी देत नाही. ते म्हणायचे, "अगं, तीच तर भिंतीची अडचण आहे."

हिवाळ्यातल्या एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते टाइप करत बसले होते. बराच वेळ. पडदा काळा. कॉम्प्युटर चालूच केलेला नव्हता. मी म्हटलं, बटण दाबलं नाहीत. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "यंत्र बरोबर आहे, माझंच काहीतरी चुकतंय." ठमे, चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस स्वतःचं चुकलं असं एकदाही म्हणालेला नाही. चूक नेहमी कंपनीची, वायरची, नाहीतर माझी. मी बटण दाबलं, चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

डॉक्टरांकडे नेलं. तुला तेव्हा सांगितलं ते डोळ्यांच्या तपासणीचं. ती डोळ्यांची नव्हती. जे आहे त्याचं लांबलचक नाव रिपोर्टवर आहे. साध्या भाषेत, आठवण पुसत चालली आहे, आणि पुसणं थांबवणारं औषध नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण गुळमुळीत बोलल्या नाहीत. मला बरं वाटलं.

थांब, नळ वाहतोय.

आले. हल्ली असं फार उठावं लागतं. आता ते हातात चार्जर घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडतायत, हा कशात बसतो म्हणून. काल तो त्यांनी कुंडीत लावला होता. मी विचारलं, झाड किती टक्के झालं? तर हसले. हसतात अजून छान.

तर ब्लॉग. त्या दिवसांत दहा-बारा दिवस त्यावर काहीच आलं नाही. वाचक विचारू लागले, "सर, तब्येत बरी ना?" तुझाही फोन आला, "बाबांचं काही आलं नाही, सगळं ठीक ना?" माझ्या तोंडून निघून गेलं, नेट बंद आहे. एकदा बंद आहे म्हटल्यावर ते चालू करणं आलं. त्यांचा एक लेख अर्धवट पडला होता, टीव्हीवरच्या चर्चांबद्दल: आठ चौकटींत आठ तोंडं, सगळी एकदम उघडी, आणि ऐकणारा एकही नाही. तिथे वाक्य तुटलं होतं. दुपारी ते झोपले तेव्हा दोन बोटांनी टाइप करत मी ते पुरं केलं. शेवटी "मुद्दा साधा आहे" घातलं आणि पोस्ट केलं. संध्याकाळी तुझा फोन: "बाबा जोरात आहेत की! मी उगाच घाबरले." मी म्हटलं, हो, जोरात आहेत.

त्या दिवसापासूनचे सगळे लेख माझे आहेत.

सुरुवातीला मी त्यांना विचारून लिहायची. ते दोन वाक्यं सांगायचे, मी चार घालायची. मग ते नुसती मान डोलवू लागले. मग मी विचारणं सोडलं. अजूनही पोस्ट केल्यावर त्यांना वाचून दाखवते. परवा शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "कोण लिहितो हे? गडी हुशार आहे. पण भांडखोर आहे."

भांडखोर असणारच. मी त्यांच्यासारखं लिहायला बसते आणि तिसऱ्या परिच्छेदात मी मीच होते. औषधाच्या दुकानातून बाहेर पडत नाही तोच फोन विचारतो, अनुभव कसा होता, किती तारे द्याल? अरे, खोकल्याचं औषध घेतलं, त्याला तारे कसले? तक्रार करायला फोन लावावा तर यंत्र म्हणतं, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि अर्धा तास वाजंत्री ऐकवतं. महत्त्वाचा आहे तर उचला! नगरपालिकेने रस्ता रुंदीकरणावर नागरिकांची मतं मागवली, तीन दिवसांत, ऑनलाइन. आणि ते पान तिन्ही दिवस उघडलं नाही. चौथ्या दिवशी जाहीर केलं, कुणाचीही हरकत आली नाही. यावर मी लिहिलं तो लेख इतका फिरला की आपल्याच इमारतीच्या ग्रुपवर परत आला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त वकील जिन्यात भेटले, म्हणाले, "वहिनी, साहेबांची लेखणी म्हातारपणी धारदार झाली. तुम्ही काय खायला घालता?" मी म्हटलं, औषधं.

पण वाचक मूर्ख नसतात. एक जुने वाचक आहेत, घड्याळं दुरुस्त करतात, अकरा वर्षं बाबांशी कडाकडा भांडत आलेत. त्यांनी लिहिलं, "मास्तर, हल्ली तुमचा सूर बदललाय. नव्या गोष्टींवर एवढे का उखडलात? की लेख मशीनकडून लिहून घेता?" मशीन! दोन बोटांनी दुपार दुपार घालवते मी. राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. चोराच्या मनात चांदणं. एकाला संशय आला, उद्या तुला येईल. मग ठरवलं, एक लेख असा लिहायचा की तो शंभर टक्के त्यांचाच वाटला पाहिजे. त्यांचे जुने लेख काढले, डोळ्यांत तेल घालून वाचले, त्यांची वाक्यं कशी उड्या मारतात ते पाहिलं, आणि लिहिलं, "भेटायला यायलाच हवं का?" मुद्दा साधा आहे: चेहरा दिसला, आवाज आला की भेट झाली, बाकी सगळा विमानकंपनीचा फायदा. मुलं लांब आहेत म्हणून रडणाऱ्या आईबापांनी रडणं थांबवून कॅमेरा पुसावा.

त्यांनी अगदी असंच लिहिलं असतं. म्हणून तर लिहिलं. माझा त्यातल्या एका अक्षरावरही विश्वास नाही. घड्याळवाल्यांनी खाली लिहिलं, "आता कसं, मास्तर परत आले!" मी खुर्चीत एकटीच हसले. लांब राहणाऱ्या किती मुलांनी आभार मानले म्हणून सांगू, जणू मोठ्या गुन्ह्याची माफीच मिळाली. आणि त्यांच्या रांगेत तू.

तुझा दोष नाही. बाबांनी सांगितलं आणि तू ऐकलंस. लहानपणी त्यांनी कधी कशाला नाही म्हटलं की तू महिनाभर त्यांच्याशी वाद घालायचीस, आणि या वेळी एका लेखात मुकाट ऐकलंस, याचंच मला नवल वाटलं. मग वाटलं, तुलाही हेच ऐकायचं असेल. लांबचा प्रवास, नवी नोकरी. असू दे. ते मी विचारत नाही.

मला स्वतःबद्दल सांगायचंय, आणि ते लिहायला हात धजत नाही. तुझ्यापासून लपवलं ते तुझी नवी नोकरी म्हणून, तुला काळजी नको म्हणून, असं मी सात महिने स्वतःला सांगत आले. खोटं आहे. पहिला महिना खरं होतं, पुढे नाही. एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं मी लोकांचे फोन जोडले. बोलणारे वेगळे, ऐकणारे वेगळे. आपण "बोला, लाइन जोडली" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. घरीही तेच. बाबा बोलायचे, तू बोलायचीस, मी ताटं वाढायची. चांगली पदवी घेतलेली बाई मी, पण देशात काय चाललंय याबद्दल मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. आणि आता अनोळखी माणसं लिहितात, "सर, यावर तुमचं मत काय?" मला आवडलं, ठमे. वाईट आवडलं. ते शेजारच्या खोलीत स्वतःचा चष्मा शोधत असायचे आणि मी "एक मिनिट हं" म्हणत वाक्य पुरं करायची. तुला सांगितलं असतं तर ब्लॉग बंद करावा लागला असता. म्हणून सांगितलं नाही. एवढंच.

आता रविवारबद्दल. रविवारी तू स्क्रीनवर दिसतेस आणि म्हणतेस, बाबा किती फ्रेश दिसतात. तुला ते छातीपर्यंत दिसतात. शर्टाची बटणं मी लावलेली असतात. कॅमेऱ्याच्या मागे मी चिठ्ठ्या धरून बसलेली असते: ऑफिसबद्दल विचारा. तिचा गुडघा कसा आहे विचारा. आता हसा. ते वाचतात आणि विचारतात. वाचता अजून येतं. जानेवारीत तू म्हणालीस, बाबा तेच तेच विचारतात, आणि लगेच म्हणालीस, पण लिहितात तर इतकं स्वच्छ, मलाच वाटलं असेल. तुझं बरोबर होतं. मी तुला चूक ठरवलं, माझ्या दोन बोटांनी.

गेल्या रविवारी तू स्क्रीनवरून गेल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला आणि मला विचारलं, "ही मुलगी कोण? चांगली आहे. नेहमी चौकशी करते." मी नाव सांगितलं. "असं होय," म्हणाले. टीव्हीवरच्या निवेदिकेचं नाव सांगितल्यावर म्हणावं तसं. पण गुरुवारी तुझी आत्या आली. फोनवर तिलाही ते ओळखत नाहीत. दारात चप्पल काढताना तिने नेहमीसारखं भिंतीला धरलं, आणि हे लगेच उठले, तिचा हात धरला, म्हणाले, "हळू गं, तुझा तो पाय." नाव आठवलं नाही. पण पाय आठवला. तासभर तिचा हात सोडला नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पडद्यावरचं माणूस आधी पुसलं जातं, खोलीतलं नंतर. किती नंतर, ते कुणी सांगू शकत नाही, पण तुमच्या जागी मी पुढच्या वर्षाची वाट पाहिली नसती. म्हणून हे पत्र लिहिलं. कबुली द्यायला नाही, ती ओघात आली. रजा परत माग. तुझ्या साहेबांना काय सांगायचं ते सांग, हवं तर रिपोर्ट दाखव. येशील तेव्हा दारातून "बाबा, मी कोण ओळखा" म्हणू नकोस. नुसती आत ये, तुझी ती बॅग नेहमीसारखी वाटेत टाक आणि त्यांच्या शेजारी बस. तो लेख मी काढलेला नाही. काढला तर का काढला ते लिहावं लागेल, आणि त्यांच्या नावाने मी आता एक ओळही लिहिणार नाही. ज्यांनी आभार मानले, त्यांना खरं कळायला हवं. ते तुझ्या नावाने लिही, किंवा माझं नाव घालून लिही. माझं नाव घातलंस तर माझी हरकत नाही.

तुझीच, सात महिने तुझ्याशी खोटं बोललेली,
आई

घरी ठेवलेली नोंद. पत्रासोबत पाठवलं: डॉक्टरांच्या रिपोर्टची झेरॉक्स, सहा पानं. लेखांची कच्ची वही, पहिली अठरा पानं बाबांच्या अक्षरात, पुढची माझ्या. ब्लॉगचा पासवर्ड, बंद पाकिटात; तो आज सकाळी बदलला, माझ्याकडे नक्कल ठेवलेली नाही. सगळं एका पुडक्यात, कुरियरच्या खिडकीवर दुपारी तीन वाजता दिलं. बाबा सोबत होते. पुडकं त्यांनीच हाताने दिलं.