पॅरिसचे बारा आणि आपले बारा

बार्सिलोना,
२७ जानेवारी

तीर्थस्वरूप नेमेसिओदादास,

धाकट्या रोमुलोचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आपल्या एल आल्तोत यंदा पाऊस फार आहे असं ऐकतो. गच्चीवर उघड्या राहिलेल्या सळयांना गंज चढू नये म्हणून त्यांवर बाटल्या उपड्या घातल्यास का? (नसशील घातल्या. तरी विचारणं माझं कर्तव्य.) आम्ही तिघं, म्हणजे आई, आपली बहीणबाई झेनोबिया आणि मी, खुशाल आहोत. फोन सोडून पत्राचा उद्योग कशाला, असं तू म्हणशील. अरे, इथे फोन लावला की आई शेजारी येऊन उभी राहते आणि आवाज मोठा करायला लावते. वाचता मात्र तिला येत नाही. झेनोबियाची शेजारीण उद्याच्या विमानाने ला पाझला निघाली आहे, तिच्याबरोबर हे पाठवतो.

आई या सहलीला का आली ते तुला ठाऊक आहेच. झेनोबियाने तिकिटं पाठवली ती आईला युरोप दाखवायला. आई आली ती झेनोबियाला घरी न्यायला. 'दोन वर्षांत परत येते' म्हणून गेलेली पोरगी सतरा वर्षं इथे परक्या म्हातारीची उस्तवार करत राहिली. पण आल्यापासून आईने तिला एकदाही 'चल' म्हटलेलं नाही. आपली आई हट्ट धरत नाही, उपाय करते. तो उपाय तिने शालीच्या गाठीत बांधून थेट घरून आणला होता: काडेपेटीएवढी चामड्याची बॅग, तिच्यात नखाएवढा पासपोर्ट आणि त्याहून चिमुकलं विमानाचं तिकीट. (जोडीला मातीचा कोंबडाही होता, म्हणजे जाता जाता नवराही मिळून जाईल. चव्वेचाळीस हे काही वय नव्हे, असं आईचं मत आहे.) चोवीस जानेवारीला दुपारी बाराच्या ठोक्याला अलासिताच्या बाजारात जी वस्तू इवलीशी विकत घ्यावी ती वर्षभरात खरीखुरी होऊन पदरात पडते, हे तुला सांगायला नको. सव्वीस वर्षं भूगोल शिकवून मला माहीत असलेलंच समजावून सांगायची खोड लागली आहे. अडचण एवढीच होती की यंदाच्या चोवीस तारखेला आम्ही पॅरिसमध्ये असणार होतो.

त्याआधी बार्सिलोना पाहिलं. इथे एक प्रचंड देऊळ आहे, शंभराहून जास्त वर्षं झाली तरी बांधकाम चालूच. मी त्याचा इतिहास सांगायला तोंड उघडतो तोच आई म्हणाली, "कळलं. मुलं परदेशात असणार यांची. पैसे आले की एक मजला चढवायचा." आणि ती त्या देवळाकडे अशा आपुलकीने बघत बसली की जणू आपल्याच गल्लीतलं घर.

रोममध्ये मात्र तिने मला चारचौघांत झापलं. मी वर्गातल्या टेबलावर ठेवायला त्या जुन्या, पडक्या गोल प्रेक्षागृहाची छोटी प्रतिकृती घेत होतो. आईने ती माझ्या हातातून काढून दुकानदाराला परत दिली. "पडकं घर विकत घेतोस? वर्षभरात अंगावर कोसळलं म्हणजे?" पण खरी कमाल कारंज्यापाशी झाली. तिथे पाण्याकडे पाठ करून नाणं फेकलं की माणूस पुन्हा तिकडे परततो, असं मी (माझंच चुकलं) मोठ्याने सांगितलं. झेनोबियाने हौसेने हात वर केला होता. आईने तो मनगटापाशी असा पकडला की सबंध चौक वळून पाहू लागला. "काही परतायचं नाही इकडे," एवढंच म्हणाली आणि नाणं स्वतःच्या घागऱ्याच्या खिशात टाकलं. झेनोबिया हसली आणि रिकामा हात कोटाच्या खिशात घातला. तेव्हा मला पहिल्यांदा आईची भीती वाटली, म्हणजे आईसाठी भीती वाटली. उपाय चालला नाही तर ही बाई घरी जाऊन काय करील?

आता पॅरिस. टॉवर तीनशे तीस मीटर उंच आहे, मी मुलांना सांगतो तितकाच. आईने टोपी सावरत वर पाहिलं आणि म्हणाली, "याहून जास्त तर आपण केबलकारने भाजीला खाली ला पाझला उतरतो." (खरं आहे, मी नंतर हिशोब केला.) तिचं लक्ष टॉवरकडे नव्हतंच. खाली फरशीवर लामीन नावाचा एक सेनेगलचा माणूस चादर पसरून इवले टॉवर विकत होता. आई उजळली. "बघ, इथेही आहे अलासिता!" मग तिने घर मागितलं, पिठाचं पोतं मागितलं, मोटार मागितली. लामीन काही वर्षं स्पेनमध्ये टोमॅटो तोडायला होता, त्यामुळे भाषा त्याला येत होती. पण माल एकच. "मावशी, टॉवर आहे. लहान टॉवर, मोठा टॉवर, चावी अडकवायचा टॉवर." "एवढा मोठा घेऊन मी ठेवू कुठे?" खऱ्या टॉवरकडे बोट दाखवत आईने विचारलं.

मग तिने आपली गाठ सोडली. बॅग आणि कोंबडा लामीनच्या चादरीवर नीट मांडले आणि त्याला समजावलं की आता हा माल तुझा, बरोबर बाराला तो मला वीक. मी इथे शास्त्रीय मुद्दा काढला: हे पॅरिसचे बारा आहेत, ला पाझमध्ये आत्ता सकाळचे सात वाजलेत, अलासिताचा देव अजून उठलासुद्धा नसेल. आई म्हणाली, "सूर्य डोक्यावर आला की बारा. शाळेत हेच शिकवतोस ना? मग गप उभा राहा." बाराला दोन मिनिटं कमी असताना कुणीतरी शीळ घातली. पोलीस येत होते. लामीनच्या चादरीच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या होत्या. त्याने त्या एका झटक्यात ओढल्या, चादरीचं गाठोडं झालं आणि ते खांद्यावर टाकून तो नाहीसा झाला. झेनोबियाचा पासपोर्ट, तिकीट आणि होणारा नवरा त्या गाठोड्यात. आई बहात्तर वर्षांची आहे हे तुला वेगळं सांगायला नको, पण ती पळाली, दादा. एकावर एक घातलेले चार घागरे सावरत, एका हाताने टोपी धरून पुलापर्यंत पळाली आणि तिच्यामागे आम्ही दोघं. तीन-चार परदेशी पाहुण्यांनी फोटोही काढले.

लामीन काही सापडला नाही. आई बाकावर बसली. मोकळ्या शालीची गाठ पुन्हापुन्हा बांधत होती. झेनोबिया तिच्यापुढे उकिडवी बसून म्हणत होती, "आई, खेळणं होतं गं ते. मी नवीन घेऊन देते." आई म्हणाली, "नवीन घेऊन काय करू? वेळ गेली." माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत भूगोल कुणाच्या उपयोगी पडल्याचं मला आठवत नाही, पण तेव्हा पडला. मी म्हटलं, "आई, आपले बारा अजून वाजायचेत. पाच तास आहेत." तिने माझ्याकडे पाहिलं. "नक्की?" "नक्की. पृथ्वी गोल आहे." "मग आधी नाही का सांगायचंस, मेल्या!"

टॉवरवर चढायची आमची तिकिटं साडेबाराची होती. ती वाया गेली. जो टॉवर मी सव्वीस वर्षं फळ्यावर काढला त्याच्या पायथ्याशी पाच तास होतो आणि वर गेलो नाही, हे शाळेत कुणाला सांगू नकोस. आम्ही दिसेल त्या विक्रेत्याला लामीनचा पत्ता विचारत फिरलो. पावणेपाचला तो आपणहून आला, घामाघूम. कोंबड्याचा तुरा मोडला होता, बॅग शाबूत. "मावशी, बॅगेत कुणाचा तरी पासपोर्ट दिसला," तो म्हणाला. "पासपोर्ट मी ठेवून घेत नाही." पैसे तो घेईना. आई म्हणे, फुकट घेतलं तर लागू पडत नाही. शेवटी आईच भाव चढवत गेली आणि तो उतरवत गेला. एका नाण्यावर सौदा पटला, तेव्हा माझ्या घड्याळात पाच वाजत होते. घेतलेल्या वस्तूला धूप दाखवावा लागतो, तो आणला नव्हता. शेजारी सिगारेट ओढत उभ्या असलेल्या एका फ्रेंच गृहस्थापुढे आईने बॅग धरली आणि फुंकर मारायची खूण केली. त्याने काहीही न विचारता गंभीरपणे तीनदा धूर सोडला. आईने बॅग झेनोबियाच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली. झेनोबिया दुपारपासून लाजेने गळपट्ट्यात तोंड लपवून होती. आता त्याच गळपट्ट्यात तोंड घालून हमसाहमशी रडली. मीही रडलो. लामीनने आम्हाला तिघांना एकेक टॉवर दिला. आईने तिन्ही परत केले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाच फेब्रुवारीला मी आणि आई पोहोचतो.

तुझा,
रोमुलो

ता. क. मुख्य काम राहिलंच. तिसरा मजला झेनोबियाचा आहे. तिथली तुझी मोटारीची दोन इंजिनं आणि सुकवलेल्या बटाट्यांची पोती खाली आण. भिंतींना एक हात चुना दे. कारण विचारू नकोस.

ता. क. २. विचारशीलच, म्हणून सांगतो. इथली म्हातारी ऑक्टोबरमध्ये गेली. झेनोबियाने नोव्हेंबरातच तिकीट काढलंय, नऊ मार्चचं, कायमचं. मला हे काल सांगितलं. आधी दोन वेळा कळवून येता आलं नाही, एकदा म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं, एकदा कागदपत्रं अडली, म्हणून या वेळी न सांगता दारात उभी राहणार आहे. आईला वाटू दे बॅगेनेच आणली. तू तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तर आई येऊन म्हणाली, "नेमेसिओला तिकिटाचं लिहिलंस ना?" मी गार. पहिल्याच दिवशी खणात पांघरूण शोधताना तिला ते दिसलं होतं. म्हणे, बाकी वाचता येत नसलं तरी 'ला पाझ' तिला ओळखता येतं, रोज बसच्या पाटीवर बघते. मी विचारलं, मग सबंध पॅरिसभर आम्हाला कशाला पळवलंस? म्हणाली, "तिकीट तिनं दोनदा काढलं होतं, बाळा. दोन्ही वेळा मी विमानतळावर जाऊन बसले होते, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत." हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. इंजिनं हलवायला माझी वाट बघू नकोस, आजच माणसं लाव.