खिडकीत बांधलेलं रबर

मुरुड,
७ डिसेंबर

प्रिय शब्बीर,

सलाम आणि घरातल्या सगळ्यांना माझे आशीर्वाद.

तुझा भाचा मुसअब परवा मस्कतला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. सोबत सुकवलेल्या सोड्यांची पिशवी आहे. वाळू लागू दिलेली नाही, एवढं तुझ्या बायकोला, इनशाला, सांग. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. मी त्याचा राग धरलेला नाही. शिवाय फोनवर माझा आवाज अजून गाडी लागल्यासारखा येतो, असं नात म्हणते. सारी उमर एसटी स्टँडवरच्या भोंग्यात 'अलिबाग, पनवेल, बोरिवली' ओरडण्यात गेली. आता हळू बोलायची वेळ आली, तर गळा ऐकत नाही. म्हणून कागद.

इकडे गारवा चांगला पडलाय. सुपारी उतरवायची घाई चालू आहे. तुझ्या वाडीतल्या पोफळी यंदा लगडल्यात. विहिरीचं पाणी खाली गेलेलं नाही. जंजिऱ्याकडून सकाळी धुकं येतं, तेव्हा होड्या आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. अशा वेळी मला शाळेतल्या सगळ्या कविता एकदम आठवतात आणि एकही धड पूर्ण आठवत नाही.

आता घराचं.

घर विकायला नेमलेला तुझा एजंट विपुल माझ्याकडे येऊन गेला. गिऱ्हाईक पळालं म्हणून भडकला होता. म्हणाला, "कंट्रोलर, तुमच्या आळीतली माणसं काय करतात? कोणी म्हणं सांगितलं, बंद घरात सकाळची पोरगी बोलते. पार्टी बोरिवलीची, त्यांनी गाडीतूनच राम राम केला. शब्बीरभाई मलाच बोलतात."

मी म्हटलं, "तू ऐकलंस का काही?"

"मी कशाला सकाळचा जातोय तिकडं? माझी बायको मला घरात घेईल काय मग?"

ही बातमी पसरवली सखुबाईनं, हे मला ठाऊक होतं. ती पहाटे पाटी घेऊन धक्क्यावर जाते, ती तुझ्या मागच्या अंगणातून. तिला विचारलं तर पदर सावरत म्हणाली, "मी खोटं बोलत न्हाय. पोर बोलते. अर्धंच बोलते न् गप होते. मग खिडकी वाजते. पुन्हा अर्धं बोलते. मी मेलेल्यांना भीत न्हाय कंट्रोलर, पण जो अर्धं बोलून थांबतो ना, त्याला भिते."

शब्बीर, तेवढ्यावरून मला कळलं कोण बोलतंय ते. तरी मी तिकडे जायला चार सकाळी लावल्या. पाय दुखतात, हे सगळ्यांना सांगितलं. पाय दुखत नव्हते.

तुला आठवतं, तू ते रबराचे लांब पट्टे मस्कतहून आणलेस, एक लाल, एक निळा? तोवर शाळेतले खेळाचे गणराज सर मुलींकडून सायकलच्या ट्यूबवर खांद्याचे व्यायाम करून घेत. भाला असो की थाळी, फेकायच्या आधी खांदा जागा करायचा, असं ते म्हणत. खांदा जागा करणं, केवढा गोड शब्द आहे! काखेत नॅपकिनची घडी धरायची, कोपर अंगाला चिकटवायचं आणि रबर बाहेर ओढायचं. मग पाठ करून, डोक्यावरून. ओढणं कोणालाही येतं, सरांचा सगळा जीव सोडण्यावर. "फटकन सोडलंत तर खांदा खाईल तो. ओढायला जेवढा वेळ, त्याच्यापेक्षा जास्त सोडायला."

पोरी कुठल्या ऐकतात? आकडे मोजायला लावले तर एक-दोन-तीन धावत सुटायचे. तेव्हा मीच सुचवलं होतं, आकडे नको, कविता म्हणा. माझ्या चौथीच्या पुस्तकातली होडीवाल्याची कविता शिकवली त्यांना. ओढताना अर्धी ओळ ओढणारीनं म्हणायची, सोडताना उरलेली अर्धी समोरचं टोक धरणारीनं. उत्तरार्ध लांब, म्हणून सोडणं आपोआप संथ. गणराज सर आधी हसले, मग सगळ्या शाळेला लावली.

माझी नात मृणाली भालेवाली, तिनं पूर्वार्ध घेतला. उत्तरार्ध दुसरीचा. ती दुसरी मला एकदा म्हणाली होती, "कंट्रोलर आजोबा, या कवितेत होडी शेवटपर्यंत किनाऱ्याला लागतच न्हाय. मग पोरांना शिकवतात कशाला?" मी म्हटलं, "लागत नाही म्हणून तर शिकवतात." ती म्हणाली, "तुम्हाला येष्टीची सवय, म्हणून चालतंय." आणि तुझ्या पडवीतले सगळे हसले. तूही होतास त्या सुट्टीत. चहा सांडला होतास.

पावसाळ्यात वाळूवर जाता यायचं नाही. मागची पडवी अरुंद, रबर ताणायला जागा पुरायची नाही. म्हणून एक पडवीत उभी राहायची, दुसरी खिडकीच्या आत, तुझ्या माजघरात, आणि गजांमधून रबर. आत कोण असायचं, ते तुला सांगायला नको.

तर मी शेवटी गेलो. उजाडत होतं. तुझ्या दगडी गडग्याआड उभा राहिलो. मृणालीच होती. लाल रबर तुझ्या खिडकीच्या गजाला बांधलेलं, खिडकीची दारं बंद. काखेत नॅपकिन. तिनं अर्धी ओळ म्हटली आणि ओढलं. मग ती थांबली. उत्तरार्धाला लागतो तेवढा सगळा वेळ ती गप्प राहून हळूहळू रबर सोडत होती, कान देऊन. तुझा तो गज खोबणीत सैल झालाय, तो फिरताना कुरकुरतो. ओळ संपावी तिथं त्याची कुरकुर संपे. मग ती पुढची अर्धी ओळ म्हणे.

मी म्हातारा माणूस. माझे ओठ आपोआप हलायला लागले. आवाज काढला नाही, शपथेवर सांगतो. पण दोन कडवी झाल्यावर मला वाटलं, माझ्या ओठांच्या जरा पुढे कोणीतरी ती ओळ म्हणतंय. माझ्यापेक्षा चांगली, न चुकता. मी गडग्याला धरून खाली बसलो. हे मी विपुलला सांगितलेलं नाही. सखुबाईलाही नाही. तुला सांगतोय, कारण तू हसणार नाहीस.

कविता संपली तेव्हा मृणालीनं खिडकीला कपाळ लावलं आणि म्हणाली, "सॉरी. आज लवकर आले बघ."

आज लवकर आले.

हे वाक्य तुला कळवायचा मला अधिकार आहे की नाही, यावर मी कित्येक दिवस अडलो. आता लिहून टाकतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्या सकाळी दोघींची वाळूवर भेटायची वेळ ठरलेली होती. मृणालीला झोप लागली, हे मी खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. ती उशिरा पोचली. तोवर तुझी लेक रबर गळ्यात घालून भरतीच्या रेघेपाशी तिची वाट बघत उभी होती, आणि पर्यटकांची ती जीप वाळूवर गोल गोल खेळ करत आली. बाकीचं तुला माहीत आहे. हे माहीत नव्हतं. हे कोणालाच माहीत नव्हतं. ते लाल रबर तेच आहे.

तू मस्कतहून पोचलास ती संध्याकाळ. तुझी बॅग माझ्या हातात होती. अंगणात सगळी आळी उभी होती. तू गाडीतून उतरलास आणि कोणाकडे न बघता मोठ्यानं विचारलंस, "मृणाली कुठं हाय?" सगळे चपापले. ती माजघराच्या दाराआड बायकांच्यात होती. तिनं ऐकलं आणि मागच्या दारानं निघून गेली. तेव्हापासून तिची पक्की समजूत आहे की तू जाब विचारलास. माझी पोर वाट बघत होती तेव्हा ही कुठं होती, असा.

पण शब्बीर, तू तिथंच थांबला नव्हतास. माझा दंड धरून तू अगदी हळू पुढं म्हणालास, "ती तरी हाय ना?"

हे फक्त मी ऐकलं. तुझी बोटं माझ्या दंडावर उमटली होती, म्हणून विसरणं शक्य नाही.

मी हे मृणालीला सांगितलं, गेल्या महिन्यात. तिचं उत्तर ऐक. "आजोबा, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. पाठ नसलेल्या कवितेतसुद्धा तुम्ही आपल्या पदरच्या ओळी घालता." घालतो की! जन्मभर घातल्यात.

आता खरी अडचण. विभागाच्या स्पर्धेतून ती राज्यासाठी पात्र ठरली, पण तिथं तुझी खिडकी नव्हती. गणराज सरांनी कुंपणाला रबर बांधून दिलं, अमिषा नावाची मुलगी दुसरं टोक धरायला आली, तर ही म्हणाली, "माझं झालंय." झालेलं नव्हतं. थंड खांद्यानं भाला फेकला. दुसऱ्या फेकीला हात खांद्यावर गेला, तो मी कठड्यावरून पाहिला. डॉक्टर म्हणाले, तुटलेलं काही नाही, सूज आहे, पण पुन्हा असं थंड खांद्यानं फेकलंत तर भाला विसरा. पुण्याला राज्य स्पर्धा जानेवारीत आहे. इथं ती तुझ्या खिडकीपाशी रोज नेमानं व्यायाम करते, आणि खिडकी काही पुण्याला नेता येत नाही.

मी दुसरं टोक धरून पाहिलं. तिनं दोनदा ओढलं आणि म्हणाली, "तुम्ही नुसतं धरता आजोबा, ओढत न्हाय. समोरच्यानं थोडं ओढावं लागतं." माझ्या हातांत तेवढं बळ नाही. आणि उत्तरार्ध मी म्हणायला लागलो की ती तोंड फिरवते. तो आवाज तिला चालत नाही. तिचं म्हणणं, ती जागा दुसऱ्याची आहे आणि ती द्यायचा हक्क तिला नाही. त्या घरच्यांना आहे.

म्हणून हे पत्र. घर विकू नकोस असं मी म्हणणार नाही. बंद घराचं दुःख बाहेरच्यानं बोलू नये. विपुलला मी सांगितलंय की भूतबीत काही नाही, माझी नात आहे, ती यापुढे तिथं जाणार नाही. तो म्हणाला, "कंट्रोलर, हे आधी नाही सांगायचं?" पण तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. आज सकाळीही ती गेली होती. मी गडग्याआड होतो. तिथं उभं राहायची मला आता सवय झालीय, आणि खरं सांगू, मी तिच्यासाठीच जातो असं नाही.

विकण्याआधी एकदा ये. चार दिवसांसाठी ये. सकाळी खिडकीची दारं आतून उघड आणि रबराचं दुसरं टोक सोडवून हातात घे. तू जाळी ओढलेला माणूस, तुझ्या हातात जीव आहे. तुला उत्तरार्ध पाठ आहे, हे मला माहीत आहे. त्या सुट्टीत चहा पिता पिता तू लेकीबरोबर पुटपुटत होतास. चुकलास तरी चालेल. आणि त्या संध्याकाळी अंगणात तू काय विचारलं होतंस, ते सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत, तिला तुझ्या तोंडून सांग. माझ्यावर तिचा विश्वास नाही. तुझ्यावर बसेल.

तुला ते झेपणार नाही असं वाटलं, तर तसं कळव. मी तिला रबर सोडून आणायला सांगेन आणि भाला माळ्यावर ठेवू. त्यात तुझा काही दोष नसेल, आणि मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

पत्रभर तिचं नाव लिहायचं टाळलं, पाहिलंस ना? लिहिलं की कागदावर ते एकटं दिसेल, अशी भीती वाटत होती. तैयबा. लिहिलं. तैयबा आणि मृणाली. आता बरं दिसतंय.

कवितेची शेवटची अर्धी ओळ नेहमी तैयबाची असायची. गेल्या वर्षापासून त्या खिडकीपाशी कविता रोज सुरू होते आणि तिथं येऊन थांबते.

तुझी गाडी कधी लागते ते कळव. मी स्टँडवर उभा असेन.

तुझा,
धर्मा कंट्रोलर