लिफ्टची नोंद

प्रिय भावेश,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पण पाच वर्षं एका टेबलावर डबा खाल्लाय आपण, दुसरं काही सुचलं नाही.

आज इस्पितळात जाऊन गोदामातले हमाल दौलतकाकांना पाहून आले. उजवा पाय गुडघ्याखालून गेला. वळ गावातल्या गोदामात आपलं सॉफ्टवेअर जी मालाची लिफ्ट चालवतं, तिच्यातच ते खोकी चढवत होते. मला बघून एवढंच म्हणाले, “पोरी, दार उघडं व्हतं, मी बटन दाबलंच न्हाय. मग ती हलली कशी?” मला मान वर करता आली नाही. तुला आली. चौकशीत तू ठणकावून सांगितलंस की अशी चूक कुणी कळवलीच नव्हती, नेत्राने तर नाहीच.

मी कळवली होती. मार्चमध्ये, कशेळी गावात तसल्याच लिफ्टवर चाचणी घेताना दार उघडं असून लिफ्ट दोनदा हलली, ते त्याच दिवशी नोंदवलं. कुठे, तेही तुला माहीत आहे. चुकांची यादी वेगळ्या सर्व्हरवर न ठेवता कोडबरोबरच ठेवायची, म्हणजे जो कोडची प्रत घेईल त्याच्याकडे चुकाही सगळ्या इतिहासासकट जातील, हा हट्ट माझा. “मुलगी सासरी पाठवताना तिची दुखणीही बांधून द्यायची का?” असं तू म्हणालास आणि सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, त्याचा आज संताप येतो.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी तू ऑफिसच्या मशीनवरून ती नोंद पुसलीस. भेकड काम, आणि तेही अर्धवट. माझ्या लॅपटॉपवर अख्खी प्रत आहे. गोदामात बसवलेल्या सॉफ्टवेअरवर कोडच्या सगळ्या इतिहासावरून आपोआप बनलेली जी खूण आहे, ती माझ्या प्रतीशी जुळते, तुझ्या धुतलेल्या प्रतीशी नाही. माझ्या प्रतीत त्या नोंदीखाली लिहिलंय: ‘सेन्सरचा दोष, आपला नाही. बंद.’ पुढे तुझं नाव आणि तारीख, वळचं गोदाम सुरू व्हायच्या चार दिवस आधीची.

काल तू विशालला माझ्या घरी पाठवलंस. प्रत पुसून टाक, तुझंही भलं त्यातच आहे, असा तुझा निरोप. तुझ्या भावाला बिचाऱ्याला अर्थ कळला नव्हता, मला कळला. तुझ्या ओळीखाली आणखी एक ओळ आहे: ‘पाहिलं. मान्य.’ ती माझी. चाचणी पुन्हा घ्यायला हवी हे कळत असून लिहिलेली, कारण त्या रविवारी तुझी आई आमच्याकडे आपल्या लग्नाची बोलणी करायला येणार होती आणि मला तुझ्याशी वाद नको होता. त्याच ओळीच्या जोरावर तू मला गप्प बसवायला निघालास, म्हणून हे पत्र. आज दुपारी चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात प्रत दिली, माझ्या ओळीसकट. उद्या अकराला त्यांनी दोघांना बोलावलंय. मी वेळेवर येईन. माझ्या शेजारी बसू नकोस.

तुझ्याच नावाखाली जिचं नाव आहे ती,
नेत्रा