पान बेचाळीस

४ जून

पान बेचाळीस मी गाळले. एकेचाळीस संपले, पुढचे पान आवाज न करता उलटले आणि 'पान त्रेचाळीस' म्हणून वाचायला लागले. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट मान खाली घालून बसले होते. त्यांना कळले नाही.

अंधांसाठी अकरा वर्षे पुस्तके वाचते आहे. आजवर एक स्वल्पविराम गाळला नव्हता.

५ जून

लिहूनच टाकते. जुन्या भक्तिकवितांचा संग्रह आहे. त्या पानावरच्या कवितेखाली लिहिले आहे – कवी अज्ञात, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी. पानावर अगदी वरच –

पाणी मागायला आलो तुझ्या दारी,
तहान कुठे ठेवली आठवेना.

एवढे वाचले आणि पुढचे दिसेना.

ही माझी चिठ्ठी आहे. लग्नाआधी हे आमच्या घरी पाण्याचे मीटर वाचायला आले होते, भर उन्हात. मी दार उघडले तर खरोखरच पाणी मागितले. पुढच्या महिन्यात आले तेव्हा माझ्या हातात चिठ्ठी ठेवून गेले. पाच ओळी. वर नाव नाही, खाली सही नाही. त्या पाच ओळींच्या जोरावर मी घरच्यांशी भांडले, लग्न केले, चौतीस वर्षे संसार केला. 'मी लिहिली' असे हे कधी म्हणाले का? नाही. मी विचारले का? तेही नाही. विचारायचे काय त्यात?

चिठ्ठी आता नाही. तीन वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा ह्यांच्याच खिशात ठेवून दिली.

६ जून

नणंदेला फोन केला. दोन ओळी म्हणून दाखवल्या.

"अगं वहिनी, ही तर आम्हाला शाळेत होती. तुमच्या त्या नन्सनी शिकवली नाही वाटतं?" मग हसत सुटली. "दादाने लिहिली? दादा रजेचा अर्जसुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायचा!"

नाही शिकवली. आम्ही गुडघ्यांवर बसून इंग्रजी प्रार्थनागीते म्हणायचो. मराठीचे आठवड्यातून दोन तास – व्याकरण आणि पत्रलेखन. म्हणजे सगळ्या जगाला पाठ होती आणि मी एकटीच तिला माझी समजत बसले. ती लिहिलीही देवासाठी. मी मध्ये कुठे आले?

आणि हे ओळखून होते की मला कळणार नाही.

९ जून

स्वयंपाकघरातले स्टूल बाल्कनीत नेऊन टाकले. संध्याकाळी कामावरून आले की हे त्यावर येऊन टेकायचे. "आलोच आहे तर बसतो जरा." स्वतःच्याच घरात, पाहुण्यासारखे. मग बोलणे काही नाही. मी भाजी चिरायची, हे बघत बसायचे.

स्टूल नसले की स्वयंपाकघर मोठे दिसते. नको इतके मोठे.

१७ जून

आज दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी आवाज आहे की गेला ते बघायला मोठ्याने म्हटले, 'पान एक.'

२ जुलै

संस्थेने एक फोन जोडून दिला. पलीकडे एक वयस्कर बाई. मधुमेहाने दृष्टी गेलेली.

"एकेचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस? बाई, माझे डोळे गेलेत, आकडे नाही गेले."

'चुकून राहिले' म्हणायला तोंड उघडले आणि सगळे सांगून बसले. मीटर, पाणी, चिठ्ठी, नणंद. बोलायची सवय मोडली की माणूस असा सांडतो.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी पण मला हीच म्हटली होती. बसस्टॉपवर, घाबरत घाबरत. पुस्तकातली आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. अहो, अंगठी सोनार घडवतो. म्हणून आपण काय सोनाराशी लग्न करतो?"

किती दिवसांनी हसले.

"मग तुम्हाला पाठच असेल की," मी म्हटले. "रेकॉर्डिंग कशाला हवं?"

"पाठ आहे. पण आपणच आपल्याला म्हणून काय होतं? ती दुसऱ्या कुणीतरी म्हणावी लागते. आता म्हणणारं कुणी नाही."

मी म्हटले, सोमवारी म्हणते.

५ जुलै

उद्या जायचे. सकाळपासून तीनदा म्हणून पाहिली. तिसऱ्या वेळी आवाज कापला नाही. ओळी दुसऱ्या कुणाच्या तर दुसऱ्या कुणाच्या. दारात घामाने भिजलेला उभा होता तो काही तीनशे वर्षांपूर्वीचा नव्हता.

असे म्हणते खरी. पण एक तरी ओळ ह्यांची असती तर.

६ जुलै

पुस्तक न बघता, डोळे मिटून म्हटली. पलीकडे रेकॉर्डिस्टचे बोट ओळींवर होते.

"बाई, शेवटी एक ओळ जास्तीची आली. इथे चारच आहेत."

पुस्तक मागून घेतले. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. चारच. 'आलोच आहे तर बसू दे जरा' पुस्तकात नाही.

घरी येऊन स्टूल आत घेतले.