दारात पोचलेली फुलं

१४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत, तूही असशील असं धरून चालते. इकडे थंडी सुरू झाली. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती ऐकते कुठे. काल स्टुलावर चढून बाबांच्या खोलीतले पडदे काढून धुतले. माझं फुलांचं दुकान बरं चाललंय. व्हॅन मध्येच रुसली होती, ती दुरुस्त करून आणली.

आता मुद्द्याचं लिहिते, नाहीतर हवापाण्यातच कागद संपेल.

बाबा गेले त्या सकाळी तुझा फोन आला, तेव्हा त्यांच्यासाठी फुलं न्यायला मी दुकानात आले होते. तू म्हणालास, "ताई, घाटात दरड कोसळलीय. खालीच अडकलोय. कुणालाच वर सोडत नाहीत."

मी म्हटलं, "जिवाला जप. येऊ नकोस."

तेव्हा समोर ट्रकवाला फुलांचे खोके उतरवत होता. नुकताच त्याच घाटातून वर आला होता. मी त्याला काही विचारलं नाही.

थोड्या वेळानं तुझी ऑर्डर आली. तू ज्या वेबसाइटवर फुलं मागवलीस, त्या कंपनीकडे स्वतःची फुलं नसतात रे. ती ऑर्डर त्या त्या गावच्या दुकानाला पाठवते, आणि या गावात फुलांचं दुकान एकच आहे. पत्ता आपल्या घराचा. 'बाबांना अखेरचा नमस्कार. तुमचा मुलगा.' ते कार्ड मला माझ्या हातानं लिहावं लागलं. मग पांढऱ्या लिलींचं पुष्पचक्र बांधलं, व्हॅनमध्ये ठेवलं आणि चढ चढून घरी आले. पोच म्हणून दारातल्या फुलांचा फोटो कंपनीला पाठवावा लागतो. तोही काढला. लोक बाजूला सरून उभे राहिले, त्यांना वाटलं आठवण म्हणून काढतेय. तुला तो मिळाला असेलच. दार ओळखलंस का?

आईनं विचारलं, "कुणाची?"

"धाकट्याची. दरड पडलीय, अडकलाय तो."

तिनं ती बाबांच्या उशाशी ठेवली आणि येईल त्याला सांगत राहिली, रस्ता बंद आहे, नाहीतर पोरगं धावत आलं असतं.

दोन दिवसांनी कंपनीनं तुझा अभिप्राय पाठवला. पाच तारे. 'डोंगराळ भाग असूनही फुलं वेळेत पोचली.' ते वाचून मी शटर ओढलं आणि आत नुसती बसून राहिले. बाबा शेवटी शेवटी रस्त्याकडच्या खिडकीकडे तोंड करून झोपायचे. कूस बदलून दिली तरी परत तिकडेच वळायचे. हे तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

परवा ट्रकवाला भेटायला घरी आला. आई सहज म्हणाली, "त्या दिवशी दरडीमुळे तुमचे फार हाल झाले असतील."

"कसली दरड, काकू? रस्ता मोकळा होता. मी सकाळीच माल घेऊन आलो की."

आईनं त्याच्यापुढे कप सरकवला. "चहा घ्या, गार होतोय."

तो गेल्यावर शेजारीण आली, तर आईनं तिला पुन्हा दरडीचंच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग स्वयंपाकघरात मला म्हणाली, "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. लाजेनं तो इकडे फिरकायचा नाही."

मी हो म्हटलं, आणि हे लिहायला बसले. तुला सांभाळून घ्यायला ती आई आहे. मी नाही.

यायचं असेल तर ये. ती विचारणार नाही. तू दरडीची गोष्ट सांग, ती मान डोलावेल, तुला अजून थोडं वाढेल. तू ते खाशील, हेही मला माहीत आहे. फक्त मी तुमच्यात येऊन बसेन अशी अपेक्षा ठेवू नकोस.

अजून तरी,
तुझी ताई