चौकटीवरची रेघ

२ एप्रिल, गुरुवार

तिकीट पुन्हा वाढलं. पाळण्यांच्या पार्कवाल्यांनी नवा फलक करायची तसदीसुद्धा घेतली नाही — जुन्या आकड्यावर कागद चिकटवलाय, तोही तिरका. कामावरून येताना मुद्दाम थांबून बघितला. डावी बाजू उतरलेली. एवढे पैसे घेता आणि एक कागद सरळ लावता येत नाही?

मागच्या वर्षी आम्ही तिघं जेवढ्यात आत गेलो, तेवढ्यात यंदा दोघं जेमतेम जातील. हिला सांगितलं. ही म्हणाली, बघू. हिचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला एव्हाना कळतं. आमच्या पोरीला, लवंगीला, अजून कळत नाही. तिला ते 'हो' वाटतं.

५ एप्रिल, रविवार

लवंगी टेकली!

नीट लिहून ठेवतो. पार्कात तो उलटासुलटा फिरणारा पाळणा आहे, अजगर. त्याच्या दारात लाकडी अजगर उभा केलाय, जीभ बाहेर काढलेला. पोराचं डोकं त्या जिभेला टेकलं तर आत, नाही टेकलं तर बाहेर. तिकिटाचंही तसंच. जिभेच्या खाली अर्धं, जिभेला टेकलं की पुरं. मागच्या वर्षी लवंगीने टाचा उचलल्या. तिथल्या माणसाने हसत हसत तिचे खांदे खाली दाबले. परतीच्या वाटेवर ही पोरगी एक शब्द बोलली नाही. आमची लवंगी आणि गप्प! माझ्याच्याने बघवेना.

म्हणून मी वाटेतूनच मागे फिरून परत आत गेलो, माझ्या टेपने जमिनीपासून जिभेपर्यंत माप घेतलं आणि घरी येऊन स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली. म्हटलं, ह्या रेघेला टेकलीस की आपण दोघं अजगरात. शब्द. (मी उंचीला जरा बिचकतो, पण ते तिला कशाला सांगा.)

आज सकाळी दात घासत चौकटीला उभी राहिली आणि किंचाळली. मी गुण्या, माझी काटकोनी पट्टी, आणून डोक्यावर ठेवला. काटकोनात. बरोब्बर रेघेवर! रेघ माझी, म्हणजे शंकेला जागा नाही. सबंध दिवस घरात मिरवत होती. संध्याकाळी मावसबहिणीला फोन करून सांगितलं, मी पण येणार अजगरात. ती मावसबहीण तिच्याहून थोडीच मोठी, पण ताडमाड. लवंगीला 'बुटके' म्हणते.

मागून साडू फोनवर आले. म्हणाले, मग यंदा पुरं तिकीट, अभिनंदन! आणि खो खो हसले. हसू दे. पोरगी वाढली त्याचे पैसे लागतात, तर लागोत.

१२ एप्रिल

हिने आज विषय काढलाच. म्हणाली, त्या एका दिवसाच्या पैशात समुद्रावर तीन दिवस राहता येईल. एक खोली, बाहेर जेवण, भांडी नाहीत. मी म्हटलं, पण शब्द दिलाय. ही म्हणाली, "शब्द तुमचा, पाळणा तिचा, आणि पिशव्या माझ्या."

खरं आहे. दर वर्षी ही बाकावर बसते. चपला, पाण्याच्या बाटल्या, ओले टॉवेल, सगळं हिच्या मांडीवर. पुरं तिकीट काढून बाकावर बसते! पण शब्द तो शब्द. पुढच्या रविवारी साडूंबरोबर तिकिटं काढायची ठरलं.

१६ एप्रिल, गुरुवार

काय लिहू.

शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे काम चालू आहे. जुन्या फरशीवर नवी बसवतोय. पुढची खोली झाली. बाईंनी दार लावायला घेतलं तर घासलं, अडकलं. त्या घाबरल्या, म्हणाल्या दार फुगलं. मी नेहमीचं समजावलं. दार आहे तसंच आहे बाई, जमीन वर आली. खालून तासून देतो. असं शंभर जणांना सांगितलं असेल.

रंधा काढायला पिशवीत हात घातला आणि तिथेच थांबला. जमीन वर आली!

थंडीत मी माझ्याही घरात जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली. दारं सगळी तासली, एकही घासत नाही. उंबऱ्याला उतार दिला. गॅसची शेगडी पुन्हा पाणसळीत आणली. सगळं सगळं आठवणीने केलं. आणि रेघ? रेघ आहे तिथेच. जमीन तिच्याकडे सरकली आणि मला पत्ता नाही. पोरगी वाढली त्यात माझ्या फरशीची जाडी धरलेली आहे.

घरी येऊन पडवीतल्या उरलेल्या फरशीची जाडी बघितली, खालच्या सिमेंटच्या मालाची धरली. बोटभर. लवंगी बोटभर कमी आहे.

१७ एप्रिल

कोणाला बोललो नाही. फरशीची जाडी पुन्हा मोजली. तेवढीच.

१८ एप्रिल

हिला सांगितलं. आधी समजलंच नाही. मग समजलं आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की डोळ्यांत पाणी. म्हणाली, "दारं तासलीत तेव्हा रेघ कुठे गेली होती?" मला कोणी काम शिकवलं नाही. दुसऱ्यांच्या चुका बघत बघत शिकलो. आता स्वतःची बघायची वेळ आली.

मग हिने हळूच विचारलं, जाड तळव्याचे बूट घातले तर? मी म्हटलं, मापात लबाडी ह्या घरात नाही. तिथे जाऊन पुन्हा खांदे दाबून घ्यायचे, तेही ताडमाड मावसबहिणीसमोर? नाही.

दुसरी काळजी वेगळीच. आता 'येत नाही' म्हटलं की लोक म्हणणार, तिकीट वाढलं म्हणून मागे सरले. आणि लवंगीला काय वाटेल? तिलाही तेच वाटलं तर?

१९ एप्रिल, रविवार

आजचा दिवस विसरणार नाही.

लवंगीला चौकटीपाशी बोलावलं. उरलेली फरशी हातात घेऊन सगळं समजावलं. जमीन पूर्वी इथे होती, आता इथे आहे. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी वाढलेच नाही?"

वाढलीस ग, खूप वाढलीस, रेघेला अजून थोडी बाकी आहे, असं काहीबाही बोललो. ती रेघेकडे बघत राहिली. नंतर सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा, पैसे जास्त आहेत म्हणून सांगतोयस का?"

बसला घाव. जिथे बसायचा तिथेच बसला.

म्हटलं, नाही. म्हणाली, मग जुनी जमीन दाखव.

माझी फरशी! गिऱ्हाइकांना मी आधी घरी आणतो आणि मग भाव सांगतो. पाणसळ कुठेही ठेवा, बुडबुडा मधोमध. सांधे एका दोरीत. अशी फरशी मी दुसऱ्या कोणाच्याही घरात बसवलेली नाही. आणि त्यातली ऐन दारातली एक काढायची? एकदा उचकटली की ती फुटणारच, सलग निघत नाही.

छिन्नी-हातोडी आणली. ही म्हणाली, अहो, राहू द्या, ती पोर आहे. मी म्हटलं, पोर आहे म्हणूनच. पहिला घाव मधोमध घातला. तुकडे काढले, खालचा माल खरवडला, ओल्या फडक्याने पुसला. जुनी लाल जमीन वर आली.

लवंगी त्या चौकोनात उतरली. टाचा टेकवून, मान ताठ. मी गुण्या ठेवला. रेघेच्या खाली बोटभर.

मग तिने माझ्या कानामागची पेन्सिल काढली, मागे हात करून आपल्या डोक्यापाशी स्वतः एक रेघ मारली — वाकडी! — आणि म्हणाली, "हा खड्डा बुजवायचा नाही. मी पोचेपर्यंत नाही."

त्यानंतर आपणहून मावसबहिणीला फोन लावला. मी नाही टेकले, जमीन वर आली होती, असं म्हणाली. रडली नाही.

मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आलो.

२१ एप्रिल

साडू घरी आले. खड्डा बघितला. वाकून बघितला, मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, तिकीट चुकवायला लोक आजारी पडतात, तुम्ही घर खणलंत! मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मोठेपणा केला. लवंगीला आम्ही नेतो, अर्धंच तर तिकीट आहे, माझ्याकडून. मनाने वाईट नाही माणूस, जीभ तेवढी सैल.

लवंगी अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, अर्ध्या तिकिटात मी नाही येत. मी पुऱ्या तिकिटाची होऊन येईन."

साडू हसले नाहीत. चहा घेऊन गेले. मी दार लावलं — घासलं नाही! — आणि लवंगीच्या पाठीवर अशी थाप मारली की तिची पेन्सिल पडली.

हिने जाहीर केलं, चला, समुद्र.

८ मे

समुद्रावर आलो. खोलीच्या मोरीचा उतार उलटा आहे, पाणी दारात येतं. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही सुट्टीवर आलात ना? ही म्हणाली, मी ह्यांना हेच सांगते.

९ मे

इथे एक जुना धक्का आहे, होड्या लावायचा. भरतीच्या वेळी पोरं त्यावरून पाण्यात उड्या मारतात. मी टोकापर्यंत गेलो, खाली बघितलं आणि मागे आलो. शिडीवर मला काही होत नाही, कारण शिडी मी लावलेली असते. हे दुसऱ्या कोणीतरी बांधलेलं.

लवंगी कडेला घुटमळत होती. तेवढ्यात माझ्या शेजारून कोणीतरी धावत गेलं आणि धपकन आवाज आला. वळून बघतो तर ही! आमची ही! अंगावरच्या कपड्यांनिशी. वर आली ती केस मागे सारत, हसत, लवंगीला हाका मारत. लवंगीने मारली उडी. मग दोघी पुन्हा पुन्हा. माझ्या हातात दोघींच्या चपला.

संध्याकाळी म्हटलं, तुला असलं आवडतं हे मला माहीतच नाही. म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत? पार्कात गेलं की पिशव्या माझ्याकडे आणि तुम्ही मापं घ्यायला."

१० मे

मोरीचा उतार सरळ करून दिला. मालकाने जेवण फुकट दिलं. विजय!

३ जुलै

नवं गिऱ्हाईक म्हणून एक गृहस्थ फरशी बघायला आले. सगळी फिरून बघितली, खड्ड्यापाशी थांबले. ही एक का नाही? मी म्हटलं, माप चालू आहे. बराच वेळ तिथेच बघत उभे राहिले. म्हटलं, गेलं काम हातचं. जाताना म्हणाले, सोमवारी सुरू करा, फरशीची कडा खालपर्यंत अशी सरळ असेल असं वाटलं नव्हतं.

२२ ऑगस्ट

वाकड्या रेघेच्या वर आणखी दोन वाकड्या रेघा. माझ्या रेघेखाली आता जेमतेम पेन्सिल मावते. साडूंना परवा स्वयंपाकघरातून तेल आणायला पाठवलं तर खड्ड्यात पाय गेला. लवंगी म्हणाली, काका, तुम्ही केव्हाच पोचलात.

४ ऑक्टोबर, रविवार

टेकली.

जुन्या जमिनीवर, अनवाणी, केस ओले करून चापून बसवलेले. गुण्या ठेवला तर रेघ झाकली गेली. पुन्हा ठेवला. हिला ठेवायला लावला. टेकली!

लवंगी ओरडली नाही. खड्ड्यातून बाहेर आली, रेघेवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, आता बुजव.

पार्काचं तिकीट मधल्या काळात आणखी वाढलंय. कागदावर कागद, दुसराही तिरका. एका दिवसासाठी तीन पुरी तिकिटं आमच्याच्याने होणार नाहीत. आणि कोणाकडून घ्यायची नाहीत. दोन काढली. शब्द दोघांचाच होता.

११ ऑक्टोबर

खड्डा बुजवला. उरलेल्यातलीच फरशी होती, रंग तंतोतंत जुळला. रेघ पुसली नाही, बोटभर वर घेतली.

आता आजचं. पार्काच्या कुंपणाबाहेर रस्त्यापलीकडे एक दगड आहे, तिथून अजगराचं टोक दिसतं. दुपारी त्या टोकावर पाळणा थांबला तेव्हा पहिल्याच रांगेत लवंगीचे दोन हात वर होते, आणि शेजारी हिचे दोन. दोघींची किंकाळी रस्त्यापर्यंत आली.

पिशव्या मी सांभाळल्या.