धामणगावच्या ठेसनावर उतरू नका

शालूच्या बाबाले,

तुमचं कार्ड काल आलं. आजच्या गाडीनं येतो, असं तुमी लिवलं. तुमी जिते असल्याचा आनंद मले धड झालाबी नाही, कारन ते कार्ड पोलीस पाटलानं माझ्याआधी वाचलं.

तुमी कामाच्या शोधात गेले अन् इकडं दुष्काळ पडला. शालू अंगावर पीत होती, सरकारी कामावर खडी फोडाले माझ्यात जीव नव्हता. घरबसल्या मदत फक्त निराधार विधवेले भेटते, असं साहेब बोल्ला. मंग याच पोलीस पाटलानं, सूर्यभानानं, रस्ता काढला. तुमी वर्धा नदीत वाहून गेले, अशी साक्ष त्यानं देल्ली. मी कुंकू पुसलं. साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं, तवा जलमात पहिल्यांदा तुमचं नाव माझ्या तोंडून निंगालं, अन् तेबी मेलेल्या मानसाचं म्हनून.

अर्धी मदत पाटील ठेवून घेते. गावात त्यानं अशा आनखीबी विधवा केल्या. एकीचाबी नवरा जिता दिसला तर पाटील जेलात जाते.

तुमी उतरू नका, गाडीतच बसून पुढं जा, हे लिवून राहिली. पन डाकेची पेटी पाटलाच्याच ओसरीवर हाये, अन् तो तर पहाटंच दमनीले बैलं जुंपून तुमाले आनाले गेला. नदीकडच्या वाटेनं आनतो म्हने.

तो निंगाला तवा मी विचारलं, "भाऊजी, आता कुंकू लावू का?"

"कायले?" तो बोल्ला. "राहू द्या."

तुमची,
शालूची माय